युद्धाचा मक्ता आणि एक फसलेले प्रहसन

सन २००८ मध्ये अमेरिकेत ‘वॉर, इंक.’ ह्या नावाचा एक चित्रपट प्रदर्शित झाला. नावाचा सरळ अर्थ ‘युद्ध कंपनी’ असा आहे. आणि कंपनी ह्या शब्दाभोवती आपल्याकडे ज्या आठवणी जमलेल्या आहेत त्या ध्यानात घेता, हे नाव ऐकताच आमच्या मनात मोठी अपेक्षा उत्पन्न झाली होती, हे आरंभीच कबूल केलेले बरे. व्यापाराला आलेली कंपनी फौज बाळगते, फौजेच्या खर्चासाठी मुलूख मागते, आणि मुलूख हाती आल्यावर आपण सुव्यवस्था लावण्यासाठीच आलो होतो असे सांगते, हा अनुभव ज्यांच्या पूर्वजांनी घेतला त्यांना अशा विषयावरचे प्रहसन परके वाटण्याचे कारण नव्हते. चित्रपट पाहून झाल्यावर मात्र आमची निराशा झाली. ती का झाली ह्याचा शोध घेऊ लागलो तो विचार चित्रपटापाशी न थांबता इतिहासात शिरला, आणि तेथे त्याला जे सापडले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

चित्रपटाची प्रेरणा एका लेखात आहे. कॅनडातील लेखिका नेओमी क्लाइन ह्यांनी ‘हार्पर्स’ मासिकाच्या सप्टेंबर २००४ च्या अंकात इराकच्या तत्कालीन स्थितीवर एक दीर्घ लेख लिहिला. एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडले; मे महिन्यात पॉल ब्रेमर हे अमेरिकाप्रणीत हंगामी सत्तेचे प्रमुख म्हणून तेथे आले आणि २८ जून २००४ रोजी परत गेले. ह्या वर्षासव्वावर्षाच्या अवधीत त्यांनी शंभर हुकूम काढले. त्यांपैकी १९ सप्टेंबर २००३ च्या ३९ व्या हुकुमाने जमिनीतील खनिज संपत्ती वगळता इराकमधील बहुतेक उद्योगांची संपूर्ण मालकी परकीयांस घेता येईल आणि नफा विनाअट देशाबाहेर नेता येईल, अशी मुभा दिली. कराचा कमाल दर शेकडा १५ वर आणला गेला. सतराव्या हुकुमाने परकीय मक्तेदारांना त्यांच्या कामाच्या ओघात घडलेल्या कृत्यांबद्दल इराकी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. आणि ह्या हुकुमाच्या सुधारित मसुद्यावर सही झाली ती सत्तांतराच्या आदल्या दिवशी, २७ जून २००४ रोजी. पाहुणा निघता निघता घराचे नियम लिहून ठेवतो, तशातलाच हा प्रकार.

ह्या कारभाराचा जमाखर्च तर अद्भुतच आहे. मे २००३ ते जून २००४ ह्या काळात न्यूयॉर्कच्या मध्यवर्ती पेढीतून सुमारे १२०० कोटी डॉलर रोख इराककडे विमानाने पाठविण्यात आले. ह्या नोटांचे वजन ३६३ टन भरले. ही रक्कम अमेरिकेने दिलेली देणगी नव्हती. मुख्यतः इराकच्याच तेलाच्या विक्रीतून आणि गोठविलेल्या ठेवींतून ती आलेली होती. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेच्याच विशेष महानिरीक्षकाने अहवाल दिला की, इराकी खात्यांकडे सुपूर्द केलेल्या सुमारे ८८० कोटी डॉलरांच्या खर्चावर पुरेशी देखरेख राहिलेली नाही, व तो पैसा खरोखर कोठे गेला हे सांगता येत नाही. आमच्या देवस्थानांच्या महाजनसभांत समईच्या तेलावरून आणि नारळांच्या संख्येवरून तास तास वाद होताना आम्ही पाहिले आहेत, आणि कित्येकदा त्या वादांना हसलोही आहोत. हा अहवाल वाचल्यानंतर त्या वादांविषयीचा आमचा आदर वाढला.

अशा परिस्थितीवर प्रहसन रचावयास बसलेल्या माणसाची खरी अडचण येथेच सुरू होते. उपहासाचे मुख्य साधन अतिशयोक्ती. वस्तुस्थितीपेक्षा चार पावले पुढे जाऊन तिचे बेडौल रूप दाखवावयाचे, म्हणजे प्रेक्षक हसतो आणि हसता हसता वस्तुस्थितीकडे वळून पाहतो. पण वस्तुस्थितीच चार पावले पुढे गेलेली असेल तर लेखकाने जावे कोठे?

‘वॉर, इंक.’ची कथा तुराकिस्तान नावाच्या कल्पित देशात घडते. जोशुआ सेफ्टेल हे दिग्दर्शक. मार्क लेनर, जेरेमी पिक्सर आणि प्रमुख नट जॉन क्युसॅक ह्या तिघांनी पटकथा लिहिली. चित्रण बल्गेरियात झाले. तुराकिस्तानातील युद्ध हे कोणा राष्ट्राच्या सैन्याने चालविलेले नसून टॅमरलेन नावाच्या एका कंपनीने मक्त्याने घेतलेले आहे. टॅमरलेन म्हणजे तैमूरलंग. ज्याने १३९८ मध्ये दिल्ली आणि १४०१ मध्ये बगदाद लुटले त्याचे नाव कंपनीला देण्यातली वक्रोक्ती आम्हांस आवडली. दोन्ही शहरांना ओळखणारा माणूस ह्या नावापाशी क्षणभर थांबल्याशिवाय राहणार नाही. कंपनीचा प्रमुख अमेरिकेचा माजी उपाध्यक्ष आहे. डिक चेनी हे उपाध्यक्ष होण्यापूर्वी १९९५ ते २००० पर्यंत हॅलिबर्टन कंपनीचे प्रमुख होते आणि इराकमधील सर्वांत मोठे मक्ते त्याच कंपनीच्या एका शाखेकडे गेले, हे जगजाहीर असल्यामुळे रोख कोणावर आहे हे निराळे सांगावे लागत नाही. नायक ब्रँड हाउसर हा भाडोत्री मारेकरी. तेलवाहिनीच्या बेताने टॅमरलेनच्या आड येणाऱ्या ओमर शरीफ नावाच्या माणसाला ठार मारण्यासाठी त्याला पाठविण्यात येते. मात्र वरकरणी तो व्यापारी प्रदर्शनाचा व्यवस्थापक असतो, आणि त्या प्रदर्शनाचे मुख्य आकर्षण म्हणजे योनिका नावाच्या एका उच्छृंखल गायिकेचे लग्न. मनाला टोचणी लागली की हाउसर झणझणीत तिखट सॉसचे घोट घेतो. इराकमधील परकीयांच्या तटबंद ‘हिरव्या विभागा’ला येथे ‘पाचूनगरी’ असे नाव आहे. पत्रकार राजीव चंद्रशेखरन ह्यांचे ब्रेमरकालीन बगदादवरचे जे पुस्तक २००६ मध्ये गाजले त्याच्या शीर्षकातही हीच उपमा होती.

चित्रपटात चांगले काही नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रणगाड्यांवर जाहिराती रंगविलेल्या आहेत. बातमीदारांना रणभूमीवर नेण्याऐवजी एका बंद खोलीत, जत्रेतल्या पाळण्यासारख्या यंत्रात बसवून युद्धाचा ‘अनुभव’ दिला जातो, आणि ते समाधानाने बाहेर पडतात. प्रदर्शनात ज्या स्त्रिया नाचतात त्यांचे पाय युद्धात तुटलेले आहेत, आणि त्यांना बसविलेले कृत्रिम पाय टॅमरलेनच्याच कारखान्यातले आहेत. पाय तोडणारी आणि पाय विकणारी कंपनी एकच. हा शेवटचा प्रसंग पाहताना हसू ओठांवर येऊन तेथेच थिजते, आणि प्रहसनाला ह्याहून अधिक काय साधावयाचे असते? परंतु चित्रपटातली सर्वांत मोठी कल्पना आहे ती व्हाइसरॉयची. तुराकिस्तानचा हा सर्वाधिकारी कोणालाही प्रत्यक्ष दिसत नाही. तो एका पडद्यावर प्रकट होतो, आणि त्या पडद्यावर त्याचा चेहरा सारखा बदलत असतो: कधी एखादा प्रसिद्ध नट, कधी एखादा माजी राष्ट्राध्यक्ष. बोलणारा कोण हे कळत नाही. हुकूम मात्र सुटत असतात. हा प्रसंग पाहताना आम्हांस वाटले की लेखकांच्या हाती मर्म आले आहे. कंपनीला चेहरा नसतो. जेव्हा जो लागेल तो ती लावते. ह्या एका कल्पनेवर अख्खा चित्रपट उभा करता आला असता.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी एका दुसऱ्या दोषाचा उल्लेख करतो. ह्या चित्रपटातील बहुतेक पात्रांना आपण विनोदी आहोत हे ठाऊक आहे. ती डोळे फिरवितात, आरडाओरडा करतात, प्रेक्षकांकडे पाहून जणू दाद मागतात. आपल्याकडे दशावताराच्या खेळात संकासूर येतो तेव्हा तो वाटेल ते बोलतो, गावच्या पुढाऱ्यांना टोमणे मारतो, आणि मंडपात हशा उसळतो. पण त्याच्यासमोर उभी असलेली देवमंडळी गंभीर असतात म्हणूनच तो हशा उसळतो. सगळेच संकासूर झाले तर खेळ कसा व्हावा? स्टॅन्ली क्यूब्रिकचा १९६४ चा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ आठवावा. अणुयुद्धाच्या कड्यावर उभे असलेले त्यातले सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष शिष्टाचाराने, नियमावलीच्या भाषेत बोलतात. त्यांच्या लेखी काहीही हास्यास्पद चाललेले नाही. जोसेफ हेलरच्या १९६१ च्या ‘कॅच-२२’ ह्या कादंबरीत मायलो नावाचा लष्करी भोजनव्यवस्थापक शत्रूकडून रीतसर मक्ता घेऊन आपल्याच छावणीवर बाँब टाकवितो, आणि सर्वत्र ओरड झाल्यावर जमाखर्च उघडून व्यवहारात किती नफा झाला ते दाखवितो, ओरड शमते. मायलो दुष्ट नाही, हीच त्यातली भीषणता आहे. तो उद्योगी, नेमस्त आणि शब्दाला जागणारा माणूस आहे. ‘वॉर, इंक.’च्या लेखकांनी मायलोचा हिशेब घेतला, पण त्याचा नेमस्तपणा सोडून दिला.

आता मुख्य अपराधाकडे येऊ. उत्तरार्धात चित्रपट आपला विषयच टाकून देतो. ती उच्छृंखल गायिका ही नायकाची फार वर्षांपूर्वी हरवलेली मुलगी निघते. नायकाच्या पत्नीचा खून करविणारा त्याचा जुना वरिष्ठ वॉकन, ज्याची भूमिका बेन किंग्स्लीसारख्या थोर नटाकडे आहे, तो मेलेला नसतो. पडद्यामागचा व्हाइसरॉय तोच असतो. मग मारामारी, ओळख पटणे, सूड आणि पलायन. जत्रेत ताटातूट झालेली भावंडे तीन तासांनी एकमेकांना ओळखतात असे चित्रपट आपल्याकडे डझनांनी निघाले, आणि त्यांची गोडी आम्हांस कमी नाही. पण येथे ह्या युक्तीने फार मोठी हानी केली. ज्या पडद्याला चेहरा नव्हता त्याला चेहरा मिळाला, आणि तो एका नीच माणसाचा निघाला. तो मेला की प्रश्न सुटला! टॅमरलेन कंपनी, तिचे भागधारक, तिचे मक्ते, तिचे कारकून, तिच्या हुकुमांवर सह्या करणारे सभ्य अधिकारी, हे सगळे एका वॉकनच्या मागे लपून निसटले.

राजसत्तेचा उपहास चेहऱ्याने होऊ शकतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा कीचकाच्या वेषात लॉर्ड कर्झन उभा आहे हे प्रेक्षकांना कोणी सांगावे लागले नाही, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली तेव्हा सरकारनेही ते ओळखले असल्याची पावतीच दिली. तेथे उद्दाम सत्ताधीश एक होता आणि त्याचे तोंड सर्वांच्या परिचयाचे होते. पण कंपनीच्या सत्तेचे तसे नाही. तिच्यावर रोख धरावयाचा तर माणसावर धरून भागत नाही. कागदावर, व्याजाच्या दरावर, कराराच्या एखाद्या कलमावर धरावा लागतो. हे आमचे म्हणणे पुस्तकी वाटू नये म्हणून एक जुने प्रकरण येथे थोडे विस्ताराने सांगतो. हैदराबाद आणि वऱ्हाड येथील वाचकांच्या ते विशेष जवळचे आहे.

इ. स. १८०० च्या तहाने निजामाने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज आपल्या राज्यात कायमची ठेवून घेतली आणि तिच्या खर्चापोटी मुलूख तोडून दिला. त्याच तहात असे एक कलम होते की युद्धप्रसंगी निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार कंपनीच्या मदतीस द्यावे. ‘युद्धप्रसंगी’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. निजामाचे सैन्य अव्यवस्थित आहे, ते युद्धाच्या वेळी उपयोगी पडावे म्हणून शांततेतही कवायती ठेवले पाहिजे, असा युक्तिवाद पुढे निघाला. आणि रेसिडेंट हेन्री रसेल ह्यांच्या कारकीर्दीत निजामाच्या पैशाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक निराळीच फौज उभी राहिली. तिलाच पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणू लागले. म्हणजे निजामाच्या राज्यात आता कंपनीच्या दोन फौजा झाल्या: एकीसाठी त्याने मुलूख दिला होता, दुसरीसाठी दरसाल सुमारे ४० लाख रुपये रोख द्यावयाचे होते. शिपायांचा पगार थकून चालत नसे, कारण तो थकला की रेसिडेंटाचा खलिता येई. पण राज्याचा वसूल वेळेवर येत नसे.

ही उणीव भरून काढण्यासाठी एक पेढी पुढे आली. पामर आणि कंपनी असे तिचे नाव. तिचा संस्थापक विल्यम पामर हा पुण्याच्या दरबारी पूर्वी रेसिडेंट असलेल्या जनरल पामरचा मुलगा. आई हिंदुस्थानी, राहणी हैदराबादी. पेढीच्या भागीदारांत सर विल्यम रम्बोल्ड हे गृहस्थ होते, आणि त्यांची पत्नी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज ह्यांच्या आश्रयाला वाढलेली होती. इंग्रजांनी हिंदी राजांना कर्जे देऊ नयेत असा विलायतेचा कायदा होता. १८१६ मध्ये कलकत्त्याच्या सरकारने पामर कंपनीला त्यातून सूट दिली. पेढी निजामाचा दिवाण चंदुलाल ह्याला फौजेच्या पगारासाठी पैसे पुरवू लागली. व्याज शेकडा २५ पर्यंत चढे. १८२० मध्ये ६० लाखांच्या कर्जाला मंजुरी मिळाली. ज्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या कारकीर्दीत १८१८ मध्ये पेशवाई बुडाली त्याच्याच सहीने हे होत होते. पहिले काम तोफांनी झाले आणि दुसरे व्याजाने, एवढाच फरक.

आता ह्या कथेतला प्रामाणिक माणूस प्रवेश करतो. १८२० च्या अखेरीस चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून हैदराबादला आले. त्यांनी पेढीच्या वह्यांकडे पाहिले आणि त्यांना धक्का बसला. गव्हर्नर जनरलची मर्जी धोक्यात घालून त्यांनी हे प्रकरण उघडकीस आणले, आणि अखेर पेढीचा पाडाव झाला. १८२४ मध्ये तिचे दिवाळे निघाले. चित्रपट असता तर येथे पडदा पडला असता: खलनायक चीत, नायक विजयी. पण पेढीचे कर्ज फेडावयाचे राहिले होते. ते फेडण्यासाठी मेटकाफ ह्यांनी जो उपाय योजला तो वरवर पाहता न्याय्यच होता. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल ७ लाख रुपये पेशकश देत असे. शेकडा ६ च्या हिशेबाने ह्या वार्षिक देण्याची एकरकमी किंमत १,१६,६६,६६६ रुपये ठरविली, ती देऊन निजामाचे कर्ज भागविण्यात आले, आणि पेशकश कायमची बंद झाली. शेकडा २५ घेणारा सावकार गेला. शेकडा ६ ने हिशेब करणारा सावकार राहिला. आणि कंटिंजंट होती तेथेच होती, कारण कंटिंजंट बरखास्त करावी हे कोणाच्याच मनात आले नाही.

पुढची तीस वर्षे हे गाडे तसेच चालले. पगार थकला की कंपनी स्वतःच्या खजिन्यातून देई आणि निजामाच्या नावे लिही. १८५३ पर्यंत ही बाकी ५० लाखांच्या घरात गेली. लॉर्ड डलहौसीने मुलुखाची मागणी केली, आणि त्या वर्षाच्या मे महिन्यात झालेल्या तहाने वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिवकडील जिल्हे कंटिंजंटच्या खर्चासाठी कंपनीच्या ताब्यात आले. कापसाच्या काळ्या जमिनीचा वऱ्हाड एका फौजेच्या पगारापोटी गेला, आणि ती फौज मूळ तहाप्रमाणे शांततेच्या काळात असावयासच नको होती, असा निजामाच्या पक्षाचा युक्तिवाद अखेरपर्यंत राहिला. १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, बाकीही माफ झाली. पण वऱ्हाड सुटला नाही. सर सालारजंग ह्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, १८७६ मध्ये विलायतेसही जाऊन आले. उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये दरसाल २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाडाचा कायमचा पट्टा लिहून घेण्यात आला, आणि लगेच दुसऱ्या वर्षी कंटिंजंटची निराळी व्यवस्था मोडून ती हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन करण्यात आली. ज्या फौजेसाठी प्रांत घेतला ती राहिली नाही, प्रांत राहिला.

ह्या साऱ्या प्रकरणात वॉकन कोण? रसेल? पामर? हेस्टिंग्ज? चंदुलाल? ह्यांतला प्रत्येक जण काही अंशी दोषी होता. तरीही ह्यांतला एकही नसता तर वऱ्हाड वाचला असता असे आम्हांस वाटत नाही. मेटकाफसारखा स्वच्छ हातांचा मनुष्यसुद्धा त्या यंत्राचे एक चाक होऊन गेला. ज्याला कंपनीच्या सत्तेवर प्रहसन लिहावयाचे आहे त्याने अशी दृश्ये शोधावीत. कलकत्त्याच्या कचेरीत एक सुसंस्कृत गृहस्थ पेशकशीला शेकडा सहाने भागतो आहे, आकडा सहा-सहा-सहा असा न संपणारा येतो, आणि तो उरलेला अंश माणुसकीने सोडून देतो! ह्यावर हसू येते की नाही ते वाचकांनी पाहावे. आम्हांस आले, आणि नंतर बराच वेळ दुसरे काही सुचले नाही.

तुराकिस्तान ज्या भूमीवरून कल्पिला गेला तिच्याकडे पुन्हा वळतो, कारण तिच्याशी आपला संबंध २००३ चा नाही. १९०८ मध्ये इराणच्या नैर्ऋत्येस तेल सापडले, दुसऱ्या वर्षी अँग्लो-पर्शियन तेल कंपनी निघाली, आणि १९१४ मध्ये इंग्रज सरकारने तिचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात फावच्या किनाऱ्यावर जी फौज उतरली तिच्या कामांत ह्या कंपनीच्या अबादान येथील तेलशुद्धीच्या कारखान्याचे रक्षण हे एक काम होते. फौज होती पुणे डिव्हिजनची, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. ज्यांच्या रेजिमेंटचे केंद्र पुढे बेळगावी स्थिरावले त्या पलटणी. कूत येथे ही डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण आली. कैदेत गेलेल्या सुमारे १३,००० लोकांत बहुसंख्य हिंदी होते, आणि त्यांतले हजारो परत आले नाहीत. कोकणातल्या आणि देशावरच्या त्या शिपायांपैकी किती जणांना तेलकंपनी हा शब्द ठाऊक असेल? १९१७ च्या मार्चमध्ये बगदाद घेतल्यावर जनरल मॉड ह्यांच्या नावे जो जाहीरनामा निघाला त्यात आम्ही जेते म्हणून नव्हे तर मुक्तिदाते म्हणून आलो आहोत असे आश्वासन होते. २००३ मध्ये ते आश्वासन जवळजवळ तसेच पुन्हा देण्यात आले. चित्रपटातल्या लेखकांनी ह्यापेक्षा वेगळे काय लिहावे?

चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आठ महिने आधी, १६ सप्टेंबर २००७ रोजी, बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर ह्या मक्तेदार कंपनीच्या पहारेकऱ्यांनी केलेल्या गोळीबारात १७ इराकी नागरिक मेले. इराकी न्यायालयांना त्यांच्यावर अधिकार नव्हता. तो सतराव्या हुकुमाने आधीच काढून घेतलेला होता. अमेरिकेच्या न्यायालयाने २०१४ मध्ये चौघांना दोषी ठरविले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांनी चौघांनाही माफी दिली. येथे कोणताही व्हाइसरॉय पडद्यामागून बाहेर आला नाही. कलमे मात्र सगळी शाबूत होती.

आणखी एक उणीव आम्हांस बोचली. तुराकिस्तानात मारेकरी आहेत, गायिका आहेत, बातमीदार आहेत, माजी उपाध्यक्ष आहेत. पण मक्तेदारांच्या युद्धात सर्वांत अधिक भरणा ज्यांचा असतो ते तेथे नाहीत. इराकमधील अमेरिकन तळांवर अन्न शिजविणारे, कपडे धुणारे, इंधनाचे ट्रक हाकणारे लोक मोठ्या संख्येने हिंदुस्थान, नेपाळ, फिलिपाइन्स अशा देशांचे होते. आपल्या सरकारने जुलै २००३ मध्ये इराकला फौज पाठविण्यास नकार दिला, आणि तो योग्यच होता. पण पोटापाण्यासाठी आखातात गेलेल्या माणसाला सरकारचा नकार कोठून आडवा यावा? मक्तेदाराच्या पोटात पोटमक्तेदार, त्याच्या पोटात भरतीचा दलाल, आणि सर्वांच्या तळाशी हा माणूस. ऑगस्ट २००४ मध्ये बारा नेपाळी कामगार इराकमध्ये पकडले जाऊन मारले गेले. जॉर्डनमध्ये काम मिळेल म्हणून ते घरून निघाले होते. त्याच उन्हाळ्यात कुवेतमधील एका वाहतूक कंपनीचे सात ट्रकचालक ओलीस धरले गेले. त्यांत तिघे भारतीय, तिघे केनियाचे आणि एक इजिप्तचा होता. कंपनीने इराकमधून निघून जावे ही पकडणाऱ्यांची एक मागणी होती. सुमारे सहा आठवड्यांनी, १ सप्टेंबर २००४ रोजी, ते सातही जण सुटले. क्लाइनबाईंचा लेख ज्या अंकात छापला गेला त्यावर हाच महिना घातलेला होता.